‘शांततामय’ : सल्लागाराच्या निवेदनातील एक विशेषण

अण्वस्त्रनिर्मितीचा इतिहास राज्यशास्त्राने आपल्या कक्षेत घेतला असला, तरी तिच्याशी निगडित वैज्ञानिक सल्लागारांची आत्मकथने साहित्यसमीक्षेच्या कक्षेबाहेर राहण्याचे कारण नाही. ‘ज्ञान माझे, निर्णय राज्यकर्त्याचा’ ही या कथनांची मूलभूत संरचना असते. ती कितपत टिकते याची परीक्षा संहितेच्या भाषेतच करावी लागते.

राजा रामण्णा यांचे ‘इयर्स ऑफ पिल्ग्रिमेज’ (१९९१) हे आत्मचरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे स्फोट झाला तेव्हा ते ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. स्फोटापूर्वीच्या एका बैठकीत पी. एन. हक्सर यांना ती वेळ योग्य वाटली नाही, पी. एन. धर यांनी आर्थिक कारणांसाठी विरोध केला, असे ते सांगतात. स्वतः रामण्णांचे मत असे की झालेला खर्च, गेलेला वेळ आणि प्रयोगाने गाठलेला टप्पा पाहता तारीख पुढे ढकलणे अशक्य होते. निर्णय इंदिरा गांधींनी दिला. येथे हक्सर आणि धर इष्टानिष्टतेची भाषा बोलतात, तर सल्लागार शक्याशक्यतेची. ‘अशक्य’ हा शब्द उच्चारताच निवडीचा प्रश्न मिटतो. सल्ला तांत्रिक राहूनच निर्णयाची जागा घेतो.

विद्याशाखीय ज्ञानाच्या बळावर सार्वजनिक प्रश्नांत हस्तक्षेप करणाऱ्या ‘विशिष्ट बुद्धिवंता’ची कल्पना मांडताना मिशेल फूको यांनी ओपेनहायमर यांच्याकडे निर्देश केला होता. रामण्णांचा हस्तक्षेप मात्र बंद दालनातला आहे. लोकांपर्यंत पोचले ते एक विशेषण : ‘शांततामय’ अणुस्फोट.

या विशेषणावर बरेच काही अवलंबून होते. स्फोटातील प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ अणुभट्टीतले होते. ही भट्टी कॅनडाने आणि तिचे जड पाणी अमेरिकेने शांततामय उपयोगासाठी दिले होते. कॅनडाने सहकार्य थांबवले. १९६९ पासून चालू असलेले तारापूरचे अणुवीज केंद्र अमेरिकी इंधनावर विसंबून होते. अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्यानंतर तो पुरवठा अडला आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडे गेला. ठाणे, कल्याण, डोंबिवली ज्या जिल्ह्यात येतात त्याच जिल्ह्यात २०१४ पर्यंत, म्हणजे पालघर वेगळा होईपर्यंत, तारापूर होते. पोखरणच्या वाळवंटात घडलेल्या घटनेच्या नामकरणाचा वाद असा ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थांबला.

१९९७ मध्ये रामण्णांनीच जाहीरपणे सांगितले की तो बॉम्बच होता. या विधानामुळे आधीच्या शब्दाला केवळ असत्य ठरवणे अपुरे होईल. ‘शांततामय’ हे वर्णन नव्हते. ती कृती होती, आणि तिने तेवीस वर्षे आपले काम केले. गोपनीयतेचे बंधन होते, हा बचाव रास्त आहे. परंतु गोपनीयता मौनाचे समर्थन करू शकते, विशेषणाचे नव्हे. मौन पाळणारा सल्लागार निर्णयाच्या बाहेर उभा असल्याचा दावा करू शकतो; घटनेला नाव देण्याच्या व्यवहारात सामील झालेल्याला तो करता येत नाही. अशा आत्मकथनांच्या समीक्षेने म्हणूनच निवेदकाने काय लपवले याच्या शोधापूर्वी त्याने कशाला काय म्हटले, हे तपासले पाहिजे.