शोधयंत्राची जोडणी आणि मराठी शब्द

संकेतस्थळे रचण्याच्या जँगो या चौकटीस शोधयंत्र जोडून देणाऱ्या हेस्टॅकची भूमिका अशी की, नोंद बदलली की यंत्र बदलते. शोधाचे लेखन तेच राहते. ही भूमिका आज्ञांपुरती ग्राह्य आहे, शब्दांपुरती नव्हे. त्यातील व्हूश या यंत्राची मूळ ठेवण पाहावी. पायथनच्या ज्या नियमाने ते शब्द तोडते, तो नियम काना-वेलांटीस अक्षर मानीत नाही. परिणामी ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे पडतात. एकाक्षरी तुकडा गाळला जातो व सूचीत केवळ ‘मर’ उरते. ‘मराठा’चीही गती तीच. दोन भिन्न शब्द अभ्यासकापुढे एक होऊन येतात आणि यंत्र कोणतीही चूक कळवीत नाही. सबब शब्दविश्लेषक निश्चित केल्यावाचून जोडणी पूर्ण झाली, असे मानणे सयुक्तिक नव्हे.