ऊतक आणि गोठण : एका परिभाषेचे परीक्षण

समान रचनेच्या व समान कार्याच्या पेशीसमूहास मराठीत ‘ऊतक’ अथवा ‘ऊती’ म्हणतात. दोन्ही संज्ञांच्या मुळाशी ‘विणणे’ या अर्थाचा संस्कृत धातू ‘वे’ आहे. ‘ओतप्रोत’ हा शब्दही त्याच कुळातील होय. फ्रेंच शारीरज्ञ बीशा याच्या 1801 च्या ग्रंथातील ‘तिस्यू’ या संज्ञेचा मूळ अर्थ ‘विणलेले’ असाच आहे. 1819 मध्ये मायर याने योजलेल्या ‘हिस्टॉलॉजी’तील ग्रीक ‘हिस्टोस’ म्हणजे तर प्रत्यक्ष माग. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावी ही संज्ञा परकी वाटण्याचे कारण नाही. परिभाषाकारांची ही निवड यथार्थ म्हटली पाहिजे.

तसे समाधान ‘गोठवणे’ या संज्ञेविषयी मानता येत नाही. मराठीत पाणी गोठते, तूप थिजते, रक्त साकळते. तथापि रक्तालाही ‘गोठणे’ सर्रास लावले जाते. वस्तुतः साकळणे हा मुख्यतः प्रथिनांचा व्यापार असून ऊतकाचे गोठणे हा त्यातील पाण्याचा आहे.

याहून मोठा दोष असा की, ही संज्ञा परिणाम सांगते, वेग सांगत नाही. आणि या पद्धतीचे सारे मर्म वेगात आहे. नमुना सावकाश गोठला तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी विदीर्ण होतात आणि छेदात छिद्रे दिसतात. स्नायूच्या नमुन्यात ती रोगाची लक्षणे समजली जाण्याचा धोका असतो. केवळ अतिशीत द्रव वापरल्यानेही काम भागत नाही. उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये नमुना थेट बुडवल्यास त्याभोवती वायूचे आवरण तयार होते व उष्णता मंदपणे बाहेर पडते. म्हणून स्नायूच्या नमुन्यासाठी द्रव नायट्रोजनने थंड केलेले आयसोपेंटेन वापरतात. ते सुमारे उणे 160 अंशांपर्यंत द्रवरूप राहते आणि नमुन्याच्या स्पर्शाने उकळत नाही.

यास्तव ‘मंदगोठण’ व ‘शीघ्रगोठण’ या दोन स्वतंत्र संज्ञा स्वीकाराव्यात आणि ‘काचीभवन’ ही संज्ञा स्फटिकरहित अवस्थेपुरतीच राखावी. कारण शीघ्रगोठणातही स्फटिक असतात, मात्र ते अतिसूक्ष्म असतात. विशेषणाने हे काम भागेल, असा आक्षेप संभवतो. परंतु प्रयोगवहीत घाईने नोंद करताना विशेषण प्रथम गळते, आणि पुढे छेद पाहणाऱ्यास छिद्र रोगाचे की बर्फाचे, हे ठरविण्यास आधार उरत नाही.