पुनावळे : ‘स्थलनिर्मिती’च्या कल्पनेची मर्यादा

नगररचनेच्या अलीकडील परिभाषेत ‘स्थलनिर्मिती’ हा शब्द रूढ होऊ लागला आहे. नुसती घरे न बांधता माणसे जेथे जमतील व परस्परांच्या उपयोगी पडतील असे ठिकाण घडविणे, हा त्याचा अर्थ; आणि अशा ठिकाणी समाजाचा उत्कर्ष ओघानेच होतो, हे त्यामागील गृहीत. पुनावळ्याच्या संदर्भात ते कितपत टिकते, हे तपासण्याजोगे आहे.

१९९७ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत जवळ, मुंबई-बंगळूर महामार्ग लगत. साहजिकच शेतांच्या जागी उंच गृहसंकुले उभी राहिली. विकसकांची स्थलनिर्मिती घडली ती या संकुलांच्या फाटकाआड. दोष सर्वस्वी त्यांचाच, असे मात्र म्हणता येणार नाही. मोठ्या रेखांकनात १० टक्के जागा मोकळी सोडण्याचा शासकीय नियम आहे. परंतु ती जागा त्याच रेखांकनातील रहिवाशांच्या उपयोगाची मानली जाते. त्यामुळे बाग होते, चौक होत नाही. गावठाणातील पार आणि संकुलातील हिरवळ यांच्यामध्ये भिंत उरते. किंमत मात्र ‘परिसरा’ची आकारली जाते!

हडपसरजवळ मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून कंपनीत भाग घेतले. तेथे जमिनीचा मूळ धनी नव्या वसाहतीतही धनी राहिला. अशा मालकीविना ‘समाजाचा उत्कर्ष’ म्हणजे नेमका कोणाचा, हा प्रश्न स्थलनिर्मितीचे पुरस्कर्ते सहसा विचारीत नाहीत.

पुनावळ्यात भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसे एकत्र आली, ती बागेत नव्हे. वनजमिनीवरील नियोजित कचरा डेपोविरुद्ध २०२३ मध्ये ग्रामस्थ व सदनिकाधारक एकत्र उभे राहिले आणि त्या वर्षाअखेरीस शासनाने तो रद्द केल्याचे जाहीर केले. कोणत्याही विकसकाला न साधलेली ओळख या विरोधातून निर्माण झाली, हे मान्य केले पाहिजे. पण ही ओळख नकारावर उभी आहे, हेही विसरता येत नाही. शहराचा कचरा पूर्वीप्रमाणेच मोशीला जातो. मोशी हेही १९९७ मध्येच महापालिकेत आलेले गाव. गृहसंकुले आता तेथेही आहेत.