सेफ्टी व्हॉल्व्ह आणि इंत्रूज : माझ्याच एका टिपणाची झाडाझडती

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या बैठकीत मी गोव्याच्या कार्निव्हलवर एक टिपण वाचलं होतं. त्याचं सार एवढंच : वर्षभर दबलेल्या माणसाला तीन दिवस वेष बदलून हवं तसं वागू दिलं, की उरलेलं वर्ष तो मुकाट राहतो, म्हणून कार्निव्हल म्हणजे समाजाचा सेफ्टी व्हॉल्व्ह. टाळ्याही पडल्या. नंतर चहाच्या वेळी सासष्टीतले एक वयस्क गृहस्थ जवळ आले. तरुणपणी ते इंत्रूजच्या खेळात काम करायचे. म्हणाले, "इंजिनियर, तुमी केन्ना आमच्या वाड्यार आयल्यात?" नव्हतो गेलो. पणजीच्या मिरवणुकीचे फोटो आणि चार पुस्तकं, एवढ्यावर माझं टिपण उभं होतं. ही त्याची दुरुस्ती.

आधी तो सेफ्टी व्हॉल्व्ह. हा विचार मानववंशशास्त्रात मॅक्स ग्लुकमन यांच्या नावावर आहे. १९५२ च्या एका व्याख्यानात त्यांनी आग्नेय आफ्रिकेतल्या झुलू आणि स्वाझी लोकांचे विधी मांडले. तिथे ठराविक दिवशी बायका पुरुषांसारख्या वागतात, प्रजा राजाचा तिरस्कार बोलून दाखवते. ग्लुकमन यांच्या मते अशा बंडाने व्यवस्था मोडत नाही, उलट घट्ट होते. पुढे जगभरच्या सोंगाढोंगांच्या सणांना हे सूत्र लावलं गेलं. मीही लावलं.

पण मी निम्मं आयुष्य बॉयलर हाऊसमध्ये काढलंय, आणि मलाच हे आधी खटकायला हवं होतं. खरा सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उडतो आणि दाब थोडा उतरला की परत बसतो. तो कॅलेंडर बघत नाही. इंत्रूज मात्र कॅलेंडरवरच चालतो. राखेच्या बुधवारी ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो, त्याच्या आधीचे हे दिवस. मग गावात दाब असो वा नसो. दुसरी गोष्ट, व्हॉल्व्हमधून सुटलेली वाफ फुकट जाते, ती कुठलंही काम करत नाही. इंत्रूजमध्ये बोललेलं असं हवेत विरतं का? हे मी तपासलंच नव्हतं.

दुसरा आधार बाख्तिनचा. राबलेवरचं त्यांचं पुस्तक मॉस्कोत छापून आलं १९६५ साली. योगायोग बघा, मुक्तीनंतर पणजीत चित्ररथांची मिरवणूक सुरू झाली आणि तिमोतियो फर्नांडिस पहिले किंग मोमो झाले, तेही १९६५ मध्येच. आपल्याकडे पणजीच्या कार्निव्हलवर लिहिणारे बहुतेकजण बाख्तिनचा हवाला देतात. पण बाख्तिन काय म्हणतात? खऱ्या कार्निव्हलला रंगमंच नसतो; नाचणारे वेगळे आणि बघणारे वेगळे असं तिथे नसतं. आता पणजीची मिरवणूक आठवा. बांबूचे अडसर, क्रमांक लावलेले चित्ररथ, परीक्षक, बक्षिसं आणि मागे पर्यटन खातं. बाख्तिनच्याच कसोटीवर हा कार्निव्हल ठरत नाही. म्हणजे आपण त्यांचं नाव घेतलं, कसोटी घेतली नाही.

ब्राझीलचे रोबेर्तो दामाता इथे जास्त उपयोगी पडतात. १९७९ च्या पुस्तकात त्यांनी कार्निव्हल, लष्करी संचलन आणि धार्मिक मिरवणूक अशी तिघांची तुलना केलीय. संचलनात बघणाऱ्यांची जागा ठरलेली, चालणाऱ्यांचा क्रम ठरलेला आणि मानाचं व्यासपीठ एका बाजूला. पणजीचा आराखडा मला या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा वाटतो. आपली भाषाही तेच सांगते : प्रजासत्ताक दिनालाही आपण 'चित्ररथ' म्हणतो आणि कार्निव्हललाही.

यंदा मी सासष्टीत त्या गृहस्थांच्या वाड्यावर गेलो. तिथे इंत्रूजला खेळ करतात. अंगणात, पडद्याशिवाय, कर्णा आणि ढोलाच्या साथीने, गाणी आणि संवाद. एका घरचा संपला की मंडळी पुढच्या अंगणात. पुढे हाच प्रकार रंगमंचावर जाऊन खेळ-तियात्र झाला. मी बघितला त्यात गावच्या एका पंचाची नक्कल होती; चालण्याची, बोलण्याची, अगदी मोबाईल कानाला लावायच्या लकबीची. पंचाचे सख्खे भाऊ पुढच्या बाकावर बसले होते. नक्कल करणाऱ्याने तोंडाला रंग फासलेला, पण तो कोण, कोणाचा मुलगा, हे पोरंसुद्धा ओरडून सांगत होती. घराच्या दुरुस्तीचा त्याचा अर्ज पंचायतीत पडून आहे, हेही मला शेजारच्या बाईंनीच सांगितलं.

इथे माझ्या टिपणाचं दुसरं गृहीतक कोसळलं. मी लिहिलं होतं की वेषामुळे ओळख लपते आणि म्हणून माणूस बोलतो. वाड्यावर ओळख लपतच नाही. सगळे ओळखतात, म्हणूनच त्या बोलण्याला वजन येतं, आणि धोकाही. पणजीत उलट, तिथे कोणी कोणाला ओळखत नाही, आणि कोणी कोणाला काही बोलतही नाही. मॅकिम मॅरियट यांनी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्याच्या होळीवर १९६६ साली लेख प्रसिद्ध केला. त्यातही मोठ्या घरच्या पुरुषांना झोडपणाऱ्यांत पुढे होत्या त्या त्यांच्याच शेतमजुरांच्या आणि कारागिरांच्या बायका. अनोळखी कोणीच नव्हतं.

आणि उलटापालट हाच सणाचा प्राण मानला, तर चांदरचं काय करायचं? तिथे इंत्रूजच्या दुसऱ्या दिवशी मुसळ खेळ होतो. ख्रिस्ती चाड्डी घराण्यांतले पुरुष पारंपरिक वेषात मुसळं आपटत नाचतात आणि विजयनगरच्या विजयाची आठवण जागवतात, असं तिथली परंपरा सांगते. यात राजाची टिंगल नाही, खालचा वर होत नाही. आहे तो घराण्याचा अभिमान, तोही बाप्तिस्म्याच्या आधीच्या काळाचा. एकाच सणाच्या नावाखाली एक मिरवणूक, एक टवाळी आणि एक कुळाची स्मृती. एका सूत्रात हे बसत नाही आणि ते बसवायचा अट्टहासही नको.

म्हणून माझी दुरुस्ती एवढीच. सिद्धांत टाकून देऊ नयेत, पण लावण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : पैसे कोण देतं, बघणारा नाचणाऱ्याला ओळखतो का, आणि सण संपल्यावर दुसऱ्या दिवशी दोघं कुठे भेटतात. या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात मिळत नाहीत, तिथे जावंच लागतं.

शेवटी आपल्या घरचं. कार्निव्हल परका आणि बाजारू, शिगमो मात्र आपला, असं मंडळात बरेचदा ऐकू येतं. मीही म्हटलंय. पण काही आठवड्यांनी शिगम्याची मिरवणूक शहरात येते तेव्हाही तेच चित्ररथ, तेच परीक्षक, तीच बक्षिसं, तेच खातं असतं. हेच तीन प्रश्न तिथेही लावा. मग डिचोलीची घोडेमोडणी आणि सासष्टीचा खेळ एका बाजूला येतात, दोन्ही मिरवणुका दुसऱ्या बाजूला. रेषा धर्माधर्मांमधून जाते असं मी समजत होतो. ती अंगण आणि हमरस्ता यांच्यामधून जाते.

त्या पंचाचं आणि त्या नक्कल करणाऱ्याचं पुढे काय झालं, ते विचारायला मी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. अर्ज मंजूर झाला की नाही, यावरून व्हॉल्व्हचा सिद्धांत निकालात निघणार नाही. पण निदान ही खेप मी विचारून लिहीन.