जीपमधून दिसलेलं जंगल

कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. समजा, पाटणहून तिथे जाऊन तुम्ही जीप सफारी केलीत. गवे दिसले, वाघ नाही. लगेच प्रपोजलमध्ये ‘गवे भरपूर, वाघ नाहीत’ असं लिहू नका. मी लिहिलं होतं. गाइडनी (पीएचडीच्या, जीपमधल्या नव्हे) पूर्ण परिच्छेदच खोडला.

जीप रस्ता सोडत नाही, आणि रस्त्याकडेचं जंगल म्हणजे सगळं जंगल नव्हे. बिबट्या कच्च्या रस्त्यानं चालतो खरा, पण बहुतेक रात्री, सफारी दिवसा. शेकरूची हाक इंजिनाच्या आवाजात ऐकू येईल कशी?

मात्र वाटाड्यानं दाखवलेली विष्ठा, झाडावरचे ओरखडे ठिकाण-वेळेसह टिपून ठेवा. ट्रॅप कॅमेरा कुठे लावायचा, याचा पहिला अंदाज मला त्यातूनच आला.