पुन्हा हाती घेतलेले निसर्गचित्र

आपल्याकडे निसर्गचित्राची परीक्षा बैठकीवर होते. मेणवलीच्या घाटावर किंवा नाशिकला गोदाकाठी सकाळीच बोर्ड मांडायचा, पहिला वॉश टाकायचा आणि सावल्या सरकायच्या आत गडद रंग लावून उठायचे. रंग मळला नाही, कागदाचा पांढरा हवा तिथे राखला गेला आणि टच ताजा राहिला, की चित्र जमले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी पारदर्शक जलरंगाची जी परंपरा इथे रुजवली, तिला या शिस्तीनेच बळ दिले. मात्र त्याच शिस्तीतून एक समजही पक्का झाला: जागेवरून उठलो की चित्र संपले. घरी आणून त्यावर परत हात फिरवला तर ते घोटले जाते, मरते. म्हणून जुनी निसर्गचित्रे एक तर फ्रेममध्ये जातात, नाही तर पोर्टफोलिओत पडून राहतात. वीस-तीस वर्षांनी ती बाहेर काढून त्यांच्यावर नव्याने काम करणे हीसुद्धा निसर्गचित्रणाची एक स्वतंत्र, अवघड वाट आहे, याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे.

ही वाट सर्वांत धिटाईने चालला तो अमेरिकन जलरंगकार चार्ल्स बर्चफील्ड (१८९३–१९६७). ओहायो राज्यातल्या सेलम गावात वाढलेल्या या चित्रकाराने १९१७ साली, ऐन चोविशीत, झपाटल्यासारखी जलरंगचित्रे केली. भीती, उदासी अशा मनःस्थितींसाठी त्याने आकारांची स्वतःची एक चिन्हलिपीच वहीत तयार केली आणि ती झाडांत, खिडक्यांत, आभाळात पेरली. पुढे तो बफेलोला गेला, वॉलपेपरच्या कंपनीत नक्षीकार म्हणून नोकरीला लागला आणि त्याची चित्रे वास्तवाकडे झुकली. घरे, रस्ते, कारखाने यांच्या चित्रांनी त्याला नाव मिळवून दिले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९४३ च्या सुमारास, त्याने तरुणपणीची चित्रे परत काढली. ती लहान होती आणि आता मनात आलेले त्यांत मावत नव्हते. मग त्याने जुन्या चित्राच्या कडांना नव्या कागदाच्या पट्ट्या जोडल्या, सांधे बेमालूम मिटवले आणि जुने चित्र मध्ये ठेवून भोवती नवे चित्र वाढवले. ‘द कमिंग ऑफ स्प्रिंग’ या चित्रावर १९१७–४३ अशी तारीख आहे, तर ‘ऑटम्नल फँटसी’वर १९१६–४४.

या दुहेरी तारखांकडे नीट पाहायला हवे. तरुण बर्चफील्डची रेषा धारदार आणि नक्षीदार आहे; पन्नाशीतल्या बर्चफील्डला अवकाश, प्रकाशाची खोली आणि ऋतूंची संथ हालचाल कळली आहे. एकाच कागदावर दोघेही काम करतात आणि कोणी कोणाला पुसत नाही. ज्याला आपण दुरुस्ती म्हणतो, ती इथे मुळीच नाही. जुने चित्र चुकले होते म्हणून त्याने हाती घेतले नाही. त्यात जे सुचले होते, ते पेलण्याची ताकद आता आली होती म्हणून घेतले. माझ्या मते पुनर्कामाची खरी कसोटी हीच आहे.

दुसरी रीत इंग्लिश चित्रकार टर्नरची. तो जुन्या कागदाला हात लावत नाही, जुन्या विषयाकडे परत येतो. ट्वीड नदीकाठचा नॉरहॅमचा पडका किल्ला त्याने १७९७ मध्ये पहिल्यांदा पाहिला आणि पुढच्याच वर्षी त्याचे जलरंगचित्र प्रदर्शनात लावले. नंतर ‘लिबर स्टुडिओरम’ या मुद्राचित्रमालेत तोच किल्ला आला. सुमारे १८४५ मध्ये, सत्तरीच्या आसपास, टर्नरने तो तैलरंगात आणला. या चित्रात दगड नाहीत, बुरूज नाहीत. पिवळसर उजेडात निळ्या धुक्याचा एक उंचवटा आहे आणि उथळ पाण्यात गाईचा तांबूस-तपकिरी ठिपका. मात्र मांडणी जुनीच आहे: मध्ये किल्ला, पाठीमागे सूर्य, पाण्यात गाय. सांगाडा जवळपास अर्धशतक तसाच राहिला आणि त्याच्यावरचा तपशील एकेक करून गळत गेला. नेमके काय गाळायचे, हे आधीची चित्रे झाल्याशिवाय कळले नसते.

प्रत्येक पुनर्काम चित्रकाराच्या आतूनच येते असे नाही. इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलने सॅलिसबरी कॅथीड्रलचे चित्र १८२३ मध्ये केले. त्यातला काळा ढग ते करवून घेणाऱ्या बिशपना रुचला नाही, आणि पुढच्या आवृत्तीत आभाळ उजळले, कळसावर कमान धरणारी झाडेही बाजूला झाली. चित्र देखणे झाले, पण पहिल्यातला ताण सैलावला. गिऱ्हाइकासाठी केलेला बदल आणि स्वतःच्या नजरेने करायला लावलेला बदल यांत फरक असतो, तो असा. याच्या अगदी उलट टोकाला फ्रेंच चित्रकार बोनार. मरणाच्या दारात असताना त्याला बहरलेल्या बदामाच्या झाडाखालच्या जमिनीचा हिरवा खटकला. ब्रश धरवेना, म्हणून भाच्याचा हात घेऊन त्याने तिथे पिवळा लावून घेतला. चित्र संपले असे समजणे त्याला शेवटपर्यंत जमले नाही.

महाराष्ट्रातही एकाच विषयाकडे परत परत येणारी माणसे झाली आहेत. आबालाल रहिमान जे. जे. मध्ये नावाजले गेले, कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले आणि कोटितीर्थाच्या परिसरात राहून तेच तळे, तीच झाडे, तोच उजेड रंगवत राहिले. आजच्या काळात सुधीर पटवर्धनांनी ठाणे आणि मुंबईकडे असेच दशकानुदशके पाहिले. त्यांच्या १९९२ च्या ‘पोखरण’नंतर २००१ चे ‘लोअर परळ’ पाहिले, की शहर कसे बदलले हे तर दिसतेच. शिवाय ते पाहणारी नजर कशी बदलत गेली, हेही दिसते.

मग आज काय दिसते? जलरंग लोकप्रिय आहे आणि ही आनंदाची गोष्ट आहे. डेमोला गर्दी होते, रविवारचे गट बाहेर पडतात, नव्या मुलांचा हात वीस वर्षांपूर्वीच्या मुलांपेक्षा सफाईदार आहे. परंतु बहुतेक प्रदर्शनांत तोच ओला रस्ता, तीच छत्री, तोच वाड्याचा दरवाजा भेटतो. गाळण्याची हातोटी आली आहे, पण कशासाठी गाळायचे याचा शोध थांबला आहे. एका बैठकीत नजरेला जेवढे मिळते, तेवढेच दर वेळी मिळते. त्यापलीकडे जायचे तर स्वतःच्याच जुन्या चित्रासमोर बसावे लागते.

पारदर्शक जलरंगात हे सोपे नाही, हे खरे. वाळलेला रंग पुरता उठत नाही, वरून थर दिला तर झळाळी जाते. बर्चफील्डनेही जाड रंग वापरला, उभ्या ईझलवर काम केले आणि पारदर्शकतेचा हट्ट सोडला. ज्यांना तो सोडायचा नाही, त्यांच्यापुढे टर्नरची वाट आहे: जुना कागद जपावा आणि नव्या कागदावर तोच सांगाडा परत उभा करावा. मूळ चित्रावरच काम करायचे असेल तर आधी त्याचे चांगले छायाचित्र काढून ठेवावे, कारण गेलेला थर परत येत नाही.

आपल्याला तर याची निकड जास्त आहे. पुण्यातल्या ज्या वाड्यांची आणि मुंबईतल्या ज्या गिरण्यांची चित्रे पोर्टफोलिओत आहेत, त्यांतल्या कित्येक जागा आता उरलेल्या नाहीत. त्या जागी पुन्हा बोर्ड मांडता येणार नाही. काम करायला उरले आहे ते जुने चित्रच. म्हणून कलासंस्थांनी तीस वर्षांपूर्वीचे निसर्गचित्र आणि त्यावरून आज केलेले काम शेजारी शेजारी लावणारी प्रदर्शने भरवावीत, त्यांच्याखाली दोन्ही तारखा लिहाव्यात आणि कलाशाळांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाचे स्केच परत हाती घ्यायला लावावे. पहिल्या बैठकीचा ताजेपणा आपण उत्तम शिकवतो. परत येण्याची चिकाटीही तितक्याच गांभीर्याने शिकवली, तर आपले निसर्गचित्र सफाईच्या पलीकडे जाईल.