तंबोरा मोजताय की रिव्हर्ब?

पुण्यातल्या घरगुती बैठकीत हल्ली छोटा ॲकूस्टिक ॲम्प्लिफायर सर्रास दिसतो. एका इनपुटला गायकाचा माइक, दुसऱ्याला तंबोऱ्याचा, आणि रिव्हर्ब अर्ध्यावर. ऐकायला छानच वाटतं. पण त्याच ॲम्पच्या आउटपुटवरून रेकॉर्डिंग घ्यायचं आणि जवारीबद्दल निष्कर्ष काढायचे, हे चूक आहे. मी तेच केलं होतं. तीन संध्याकाळचा डेटा बाद झाला.

का, ते बघा. तार जिथे छेडतो तिथे ज्या हार्मोनिकचा निस्पंद बिंदू येतो, तो हार्मोनिक एरवी उमटायला नको. तंबोऱ्यात तोही ठणठणीत ऐकू येतो आणि याचं कारण रुंद, किंचित वक्र घोडी. हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली मांडलं. म्हणजे कोणता हार्मोनिक किती वेळ टिकतो, हाच आपला डेटा. रिव्हर्ब नेमका तोच वेळ लांबवतो. मग तुम्ही घोडी मोजत नाही, ॲम्प मोजता.

फँटम पॉवरवर मात्र उगाच संशय घेतला जातो. ती इफेक्ट नाही. कंडेन्सर माइकला त्याच केबलमधून मिळणारा तो वीजपुरवठा आहे, बहुधा ४८ व्होल्टचा. दोन्ही सिग्नल तारांवर व्होल्टेज सारखंच असतं, म्हणून बॅलन्स्ड डायनॅमिक माइकला सहसा फरक पडत नाही. काही ॲम्प कमी व्होल्टेज देतात, तेवढं मॅन्युअलमध्ये तपासा.

तेव्हा माइकला लागत असेल तर फँटम चालू, इफेक्ट बंद. आणि सेटिंग्ज वहीत लिहा, त्याच दिवशी.